वर्दी, मतपेटी आणि मैदान

प्रभादेवी स्टेशनचं नाव एल्फिन्स्टन रोड होतं, तेव्हाची गोष्ट. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याचा आदला दिवस. सकाळच्या गर्दीच्या वेळी पाऊस कोसळला, पुलावरून खाली उतरणारे लोक जिन्यातच थांबले आणि मागून गाड्यांची गर्दी येतच राहिली. त्या अरुंद पुलावर २३ माणसं गेली. महिन्याभराने, ३१ ऑक्टोबरला, सरकारने जाहीर केलं की नवा पादचारी पूल लष्कर बांधेल. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या जवानांनी काम हाती घेतलं आणि २७ फेब्रुवारी २०१८ रोजी पूल खुला झाला. करी रोड आणि आंबिवलीचे पूलही त्याच मोहिमेत उभे राहिले. पुढे जुलै २०१८ मध्ये स्टेशनचं नाव बदललं.

जिथे साध्या दुरुस्तीचं टेंडर वर्षानुवर्षं फाइलींतून फिरतं, तिथे चार महिन्यांत पूल उभा राहिला. सैन्याला असल्या कामाला जुंपावं का, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली आणि ती रास्त होती. आमच्या भागातल्या सामान्य माणसाने मात्र आपला निष्कर्ष तिथेच काढला : सगळंच फौजेच्या हाती द्या, म्हणजे सुतासारखं सरळ होईल. रस्ते, इस्पितळं, महापालिका, आणि हो, आपला फुटबॉलसुद्धा. दीडशे कोटींच्या देशाला अकरा माणसं मिळत नाहीत म्हणजे काय, तिथे एखादा कर्नल बसवा, हे वाक्य मी परळ-प्रभादेवीत इतक्या जणांकडून ऐकलं आहे की त्याची नीट छाननी करावी असं वाटलं. कारण हा प्रयोग जगात झालेला आहे. आपल्या महाराष्ट्रातही त्याच्या अगदी जवळ जाणारं एक चरित्र आहे.

आधी एक गोष्ट मान्य करायला हवी. मुंबईला फुटबॉल दिला तो सैनिकांनीच. १८९१ मध्ये इथे रोव्हर्स कप सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी तो वूस्टरशायर रेजिमेंटच्या पलटणीने जिंकला. त्यानंतरची कितीतरी वर्षं हा करंडक या गोऱ्या पलटणीकडून त्या गोऱ्या पलटणीकडे जात राहिला. १९२३ मध्ये मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण डरहॅम लाइट इन्फन्ट्रीपुढे त्यांचं काही चाललं नाही. भारतीय नागरी संघाने हा कप उचलायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो मान बंगळूर मुस्लिम्स या संघाचा. त्याच वर्षी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची स्थापना झाली, तीही सिमल्याच्या लष्करी मुख्यालयात. प्रांतोप्रांतीच्या संघटनांबरोबर लष्कराचं क्रीडा नियंत्रण मंडळ त्या बैठकीत होतं. आजही संतोष ट्रॉफीत ‘सर्व्हिसेस’ हा संघ एखाद्या राज्यासारखा उतरतो. १९६०-६१ मध्ये त्याने ती पहिल्यांदा जिंकली, आणि पुढेही अनेकदा.

म्हणजे खेळ फौजेचा, महासंघाचा जन्मही फौजेच्या छपराखाली. तरी स्वातंत्र्यानंतर फौजी अधिकारी महासंघाच्या गादीवर दिसत नाहीत. याचं कारण फुटबॉलमध्ये शोधून सापडायचं नाही. ते आपल्या राज्यव्यवस्थेत आहे आणि माझ्या मते ती आपल्या लोकशाहीची फार मोठी मिळकत आहे. सेवेत असलेल्या सैनिकाला राजकीय पक्षाच्या सभेला जाता येत नाही, प्रचारात भाग घेता येत नाही, पक्षाला वर्गणी देता येत नाही. तिन्ही दलांच्या नियमांत ही मनाई स्पष्ट आहे. तो मत देतो, तेही बहुधा टपालाने किंवा प्रतिनिधीमार्फत. राजकारणात यायचं तर आधी वर्दी उतरवावी लागते, मग मतदारापुढे हात जोडून उभं राहावं लागतं. कोकणातल्या राजापूर मतदारसंघात १९९१ मध्ये सुधीर सावंत मधू दंडवत्यांसारख्या दिग्गजाला हरवून लोकसभेत गेले. पुढे त्यांच्या नावामागे ब्रिगेडियर कायम लागलं, पण ते निवडून आले ते मतांवर, हुद्द्यावर नव्हे.

वर्दी, सत्तेचं पद आणि क्रीडासंघटना हे तिन्ही ज्यांच्या वाट्याला आलं, अशा दोन माणसांची नावं महाराष्ट्राशी जोडलेली आहेत. दोघेही हवाई दलाचे. पहिले एअर चीफ मार्शल ओमप्रकाश मेहरा. १९७३ ते १९७६ ते हवाई दलप्रमुख होते. निवृत्तीनंतर भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९८० मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मलबार हिलच्या राजभवनात आले. त्यांची वाट सरळ होती. आयुष्यभराची सेवा, सर्वोच्च हुद्दा, त्यामागून मानाची पदं. त्यांना कोणाची मतं गोळा करत दारोदार फिरावं लागलं नाही.

दुसरे सुरेश कलमाडी. त्यांची वाट अगदी उलटी होती, आणि म्हणूनच ती नीट पाहण्यासारखी आहे.

१ मे १९४४ चा जन्म. पुण्यातलं कानडी घर, वडील डॉ. शामराव कलमाडी हे शहरातल्या कन्नड मंडळींत मानाचं नाव. सुरेश कलमाडी १९६० मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले, १९६४ मध्ये हवाई दलात वैमानिक झाले. १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांचा काळ त्यांनी गणवेशात काढला. नंतरची दोन वर्षं, १९७२ ते १९७४, प्रबोधिनीतच प्रशिक्षक म्हणून होते. १९७४ मध्ये स्क्वाड्रन लीडर या हुद्द्यावरून त्यांनी सेवा सोडली. वय तेव्हा तिशीचं. अजून बरंच आयुष्य पुढे होतं.

पुढचा मुक्काम डेक्कन जिमखान्यावरचं पूना कॉफी हाउस. त्या काळातल्या पुण्यात अशा ठिकाणी एका टेबलावर प्राध्यापक, दुसऱ्यावर पत्रकार आणि तिसऱ्यावर उद्याचे नगरसेवक बसलेले असत. राजकारण शिकण्यासाठी दुसऱ्या शाळेची गरज नव्हती. १९७७ मध्ये ते पुणे युवक काँग्रेसचे अध्यक्ष झाले, शरद पवारांच्या वर्तुळात आले आणि १९८२ मध्ये राज्यसभेवर गेले. १९९५-९६ मध्ये नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात रेल्वे राज्यमंत्री होते आणि कॅबिनेट मंत्री नसल्याने रेल्वेचा अंतरिम अर्थसंकल्प राज्यमंत्री असूनही त्यांनीच मांडला. १९९६ मध्ये पुण्याचे खासदार. १९९८ मध्ये काँग्रेस सोडून भाजप-सेनेच्या पाठिंब्यावर अपक्ष लढले आणि विठ्ठल तुपे यांच्याकडून हरले. पुन्हा काँग्रेसमध्ये परतले आणि २००४ व २००९ अशा दोन्ही निवडणुका जिंकल्या. राजकारणात पडून पुन्हा उठण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, हे विरोधकही नाकारणार नाहीत.

मैदानाकडे ते याच काळात वळले, आणि इथे त्यांच्या कामाला न्याय द्यायला हवा. १९८३ पासून पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. डिसेंबरच्या थंडीत आफ्रिकेचे नामांकित धावपटू लक्ष्मी रोडवरून धावतात आणि दुतर्फा पुणेकर टाळ्या वाजवत उभे, हे दृश्य भारतात तेव्हा दुसरीकडे कुठे दिसत नव्हतं. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभं राहिलं. फुटबॉलप्रेमींनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण पुढे पुणे एफसी आय-लीगमध्ये आणि एफसी पुणे सिटी आयएसएलमध्ये खेळले ते याच मैदानावर. मुंबईकरांना जवळच्या मोठ्या सामन्यासाठी कितीदा तरी एक्स्प्रेस-वे धरून तिथे जावं लागलं आहे.

कलमाडी भारतीय अ‍ॅथलेटिक्स महासंघाचे अध्यक्ष झाले, १९९६ मध्ये ऑलिंपिक संघटनेचे आणि २००० मध्ये आशियाई अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे. ऑलिंपिक संघटनेवर ते पंधरा वर्षं राहिले. २००३ च्या हैदराबादच्या आफ्रो-आशियाई स्पर्धा, २००८ च्या पुण्याच्या राष्ट्रकुल युवा स्पर्धा आणि मग २०१० ची दिल्लीची राष्ट्रकुल स्पर्धा, अशी प्रत्येक पायरी आधीपेक्षा मोठी.

आणि इथेच मला पुन्हा एक पूल आठवतो. २१ सप्टेंबर २०१० रोजी, स्पर्धेला दोन आठवडेही उरले नसताना, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळ बांधकाम चालू असलेला पादचारी पूल कोसळला. २७ कामगार जखमी झाले. लगेच लष्कराला पाचारण केलं गेलं आणि जवानांनी आठवड्याच्या आत दुसरा पूल उभा करून दिला. संयोजन समितीचा अध्यक्ष माजी हवाई दल अधिकारी होता, तरीही पूल पडला. पडल्यावर तो उभा केला तो सेवेतल्या सैनिकांनी. आपल्याला हवी असलेली शिस्त माणसाच्या अंगातल्या जुन्या वर्दीत नसते, ती ज्या यंत्रणेत तो काम करतो तिथे असते. सॅपर्सच्या तुकडीत हुकूम कोणाचा, साहित्य कोणाच्या ताब्यात, चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा आणि काम कधी संपवून परत जायचं, हे सगळं आधीच ठरलेलं असतं. क्रीडा महासंघात यातलं एकही ठरलेलं नसतं.

स्पर्धा पार पडली. भारताने १०१ पदकं मिळवली, त्यात ३८ सुवर्ण. कृष्णा पूनियाने थाळीफेकीत सुवर्ण जिंकलं आणि मिल्खासिंगच्या १९५८ च्या सुवर्णानंतरचा अ‍ॅथलेटिक्समधला दुष्काळ संपवला. नाशिकच्या कविता राऊतने दहा हजार मीटरमध्ये कांस्य मिळवलं. सावरपाड्याच्या त्या मुलीला नेहरू स्टेडियमच्या गर्दीने उभं राहून दिलेली दाद मी दूरदर्शनवर पाहिली आणि डोळे भरून आले. त्या पदकांवर कोणत्याही घोटाळ्याची सावली पडू नये, असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

पण सावली पडलीच. २५ एप्रिल २०११ रोजी वेळ आणि गुण नोंदवणाऱ्या यंत्रणेचं कंत्राट स्वित्झर्लंडच्या कंपनीला चढ्या दराने दिल्याच्या आरोपावरून सीबीआयने कलमाडींना अटक केली. काँग्रेसने त्यांना निलंबित केलं, ऑलिंपिक संघटनेचं पद गेलं. नऊ महिने तिहारमध्ये काढल्यावर जानेवारी २०१२ मध्ये जामीन मिळाला. याच स्पर्धेतल्या आर्थिक गैरव्यवहाराचा ईडीने चालवलेला तपास मात्र पुराव्याअभावी थांबला आणि तो बंद करण्याचा अहवाल दिल्लीच्या न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये स्वीकारला. पंधरा वर्षं एका माणसाच्या आणि एका स्पर्धेच्या नावावर शिक्का मारून ठेवायचा आणि मग तपास गुंडाळायचा, याने ना जनतेला उत्तर मिळालं ना आरोपीला.

मला या चरित्रातला सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो तो वेगळाच. १ जुलै २०१३, स्थळ पुणे. आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा बालेवाडीत भरणार होती आणि तिच्या तोंडावर संघटनेची निवडणूक झाली. तिहारहून परतलेले कलमाडी त्याही वेळी अध्यक्षपदाचे उमेदवार होते. समोर कतारचे दहलान अल हमद. निकाल लागला २० विरुद्ध १८. म्हणजे तुरुंगवास, निलंबन, जगभर झालेली नाचक्की, हे सगळं होऊनही आशियातल्या १८ देशांच्या संघटनांची मतं त्यांच्या पदरात होती. आणखी एक मत फिरलं असतं तर बरोबरी झाली असती.

हे कसं घडतं, ते समजून घेतल्याशिवाय ‘कर्नल बसवा’ या मागणीचं उत्तर मिळायचं नाही. क्रीडा महासंघ म्हणजे संघटनांची संघटना. तळाला जिल्ह्याची संघटना, तिने निवडून दिलेली राज्याची, आणि राज्यांनी निवडलेला राष्ट्रीय महासंघ. खेळाडू यात सहसा मतदार नसतो, प्रेक्षक तर नाहीच नाही. राष्ट्रीय अध्यक्ष ठरवणारी मतं तीस-चाळीस. ती देणारी माणसं बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तीच. मग अध्यक्ष होऊ पाहणाऱ्याने काय करायचं? प्रत्येक राज्यातल्या दोन-चार माणसांना सांभाळायचं. एकाला स्पर्धेचं यजमानपद, दुसऱ्याला संघाबरोबर परदेश दौऱ्याचं व्यवस्थापकपद, तिसऱ्याला उपाध्यक्षाची खुर्ची. आमदारकीची निवडणूक लढवलेल्या माणसाला हे हिशेब शिकवावे लागत नाहीत. म्हणून आपल्याकडे पुढारी महासंघात सहज रुजतात. त्यांना खेळ कळतो की नाही हा प्रश्न दुय्यम, त्यांना मतदारयादी वाचता येते.

अशा संघटनेत वैमानिक म्हणून शिकलेलं काहीही कामाला येत नाही. कलमाडी तिथे टिकले ते स्क्वाड्रन लीडर म्हणून नाही, तर मोट बांधता येणारा पुढारी म्हणून. त्यांचा कामाचा उरक कदाचित हवाई दलातला असेल. पण त्या उरकावर हिशेबाचा लगाम कोणी ठेवायचा, हे त्या संघटनेत ठरलेलंच नव्हतं. हवाई दलात प्रत्येक उड्डाणाची नोंद असते, उतरल्यावर चौकशी असते आणि वरिष्ठाला खोटं सांगितलं तर कोर्ट मार्शल असतं. महासंघात वार्षिक सभा असते. तिथे अहवाल वाचला असं धरून टाळ्या पडतात.

फुटबॉलमध्ये हेच चित्र आणखी ठळक आहे. प्रियरंजन दासमुन्शी वीस वर्षांच्या आसपास महासंघाचे अध्यक्ष राहिले. त्यांच्यानंतर २००९ पासून प्रफुल्ल पटेल, जे महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचेही प्रमुख होते. आमच्या शेजारच्या वरळीचे आमदार आदित्य ठाकरे मुंबई जिल्हा फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरच्या फुटबॉलवेडाचा कारभार राजघराण्याच्या छायेत चालतो आणि माजी आमदार मालोजीराजे छत्रपती राष्ट्रीय महासंघाच्या कार्यकारिणीवर निवडून गेले. यांतल्या काहींनी मनापासून काम केलं आहे, सरसकट सगळ्यांना एकाच तागडीत तोलणं अन्यायाचं होईल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध दिलबहार असा सामना पाहिलेला माणूस राजाश्रयाला नावं ठेवणार नाही.

पण राष्ट्रीय पातळीवर गाडी रुळावरून घसरली ती २०२२ मध्ये. मुदत संपूनही निवडणूक होत नव्हती, म्हणून मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने पटेल यांची समिती बाजूला केली आणि प्रशासकांची समिती नेमली. ऑगस्टमध्ये न्यायालयाने ठरवलं की या वेळी राज्य संघटनांबरोबर ३६ नामवंत माजी खेळाडूही मतदान करतील. नव्वद वर्षांच्या आसपास वय असलेल्या महासंघात खेळाडूच्या हाती पहिल्यांदाच मत येणार होतं. फिफाने बाहेरच्यांचा हस्तक्षेप म्हणून १५ ऑगस्टच्या रात्री भारतालाच निलंबित केलं. सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक दोन महिन्यांवर होता, यजमान आपण, सामन्यांचं एक केंद्र नवी मुंबई. न्यायालयाने माघार घेतली, खेळाडूंची मतं गेली, २६ ऑगस्टला निलंबन उठलं. २ सप्टेंबरला मतदान झालं. एका बाजूला कल्याण चौबे, माजी गोलरक्षक आणि भाजपचे नेते. दुसऱ्या बाजूला बायचुंग भुतिया, ज्याच्या गोलवर एका पिढीने कूपरेजच्या लाकडी बाकांवर उभं राहून घसा बसवला. भुतियाला एक मत पडलं, चौबेंना ३३. चौबे स्वतः खेळाडू होते, हे खरं. तरी खेळाडूंना मत असतं तर हा आकडा असा दिसला नसता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता जिथे सैन्यच राजकारणात होतं, अशा देशांकडे पाहू. तिथे ‘कर्नल बसवा’ ही इच्छा पुरी झाली होती. ब्राझीलमध्ये लष्करी राजवट असताना १९७५ मध्ये अ‍ॅडमिरल हेलेनो नुनेस यांच्याकडे खेळांचा महासंघ आला. ते सरकारी पक्ष ‘अरेना’चे रिओ राज्यातले प्रमुखही होते. नौदल अधिकारी, पक्षनेता आणि फुटबॉलचा कारभारी, एकाच अंगरख्यात तिघे. जिथे पक्षाला मतं कमी पडतील असं वाटे, तिथल्या क्लबला राष्ट्रीय स्पर्धेत घुसवलं जाऊ लागलं. १९७५ मध्ये स्पर्धेत ४२ क्लब होते. ते ५४ झाले, मग ६२, मग ७४ आणि १९७९ मध्ये ९४. पेलेच्या देशात राष्ट्रीय अजिंक्यपदाची जत्रा झाली. शिस्तीचा पाईक असलेल्या अ‍ॅडमिरलने वेळापत्रकाचा चुथडा केला, कारण त्याला जपायचं होतं ते पक्षाचं संख्याबळ.

अर्जेंटिनाची गोष्ट तर रक्ताने माखलेली आहे. मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली. १९७८ च्या विश्वचषकाच्या तयारीसाठी नेमलेले जनरल ओमार आक्तिस काटकसरीचे म्हणून ओळखले जात. ऑगस्ट १९७६ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यानंतर सूत्रं प्रत्यक्षात आली नौदलाच्या कार्लोस लाकोस्ते यांच्या हाती. खर्च वाढत गेला. त्यावर उघड टीका करणारे सरकारातलेच अर्थखात्याचे अधिकारी हुआन आलेमान यांच्या घरी अर्जेंटिनाने पेरूविरुद्ध चौथा गोल केला त्या सुमारास बॉम्ब फुटला. लाकोस्ते पुढे फिफाचे उपाध्यक्ष झाले आणि डिसेंबर १९८१ मध्ये अकरा दिवस देशाचे हंगामी राष्ट्राध्यक्षही. त्या विश्वचषकातला मारिओ केम्पेस आजही आठवतो, आणि स्टेडियमपासून फार लांब नसलेल्या नौदलाच्या शाळेत त्याच दिवसांत छळले गेलेले कैदीही आठवावे लागतात.

अलीकडचं आणि सौम्य उदाहरण इंडोनेशियाचं. लेफ्टनंट जनरल एडी रहमायादी लष्कराच्या राखीव दलाचे सेनापती असतानाच, नोव्हेंबर २०१६ मध्ये, फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष निवडून आले. मग वर्दी उतरवून उत्तर सुमात्राचे गव्हर्नर झाले. सप्टेंबर २०१८ पासून दोन्ही खुर्च्या त्यांनी एकदम सांभाळायचा प्रयत्न केला. संघ दक्षिण-पूर्व आशियाई स्पर्धेत गटातच गारद झाला, स्टेडियमभर त्यांच्या राजीनाम्याच्या घोषणा घुमू लागल्या, सामने आधीच ठरवले जात असल्याचं प्रकरण उघडकीला आलं. जानेवारी २०१९ मध्ये बालीच्या अधिवेशनात त्यांनी पद सोडलं. जनरल वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण तिथेही सामना ठरवून खेळणाऱ्या टोळीला हुकूम देऊन वठणीवर आणता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र तपास, पैशाची नोंद आणि न घाबरता तक्रार करू शकणारा खेळाडू लागतो.

तरीही सैन्याकडून घेण्यासारखं काहीच नाही का? आहे, आणि ते डुरंड कपमध्ये दिसतं. १८८८ मध्ये सिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा सशस्त्र दलं चालवतात. मध्यंतरी तीही खिळखिळी झाली, २०१७ आणि २०१८ मध्ये भरलीसुद्धा नाही. २०१९ मध्ये ती कोलकात्याला नेली, नव्याने बांधली आणि आता आयएसएलचे क्लब तिच्यात उतरतात. आपला रोव्हर्स कप तिच्यापेक्षा तीन वर्षांनी धाकटा. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा तो नेला, तेव्हा कूपरेजला तिकिटं मिळत नसत. गिरण्या आणि कंपन्यांचे संघ, मफतलाल, टाटा, ओर्के, मग महिंद्र, हे त्या मैदानाचे नायक. लोअर परळच्या गिरणीतला कामगार आपल्याच खात्यातल्या पोराला रोव्हर्समध्ये खेळताना पाहायला चर्चगेटची गाडी पकडायचा. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या मैदानांवर घडला. २०००-०१ मध्ये रोव्हर्स कप शेवटचा भरला. त्यानंतर कोणी तो कायमचा बंद केल्याचं जाहीरही केलं नाही, पुढल्या वर्षी फक्त भरला नाही. डुरंडला फौज मिळाली ती एखाद्या अधिकाऱ्याच्या रूपाने नाही. अधिकारी दर दोन-तीन वर्षांनी बदलतात. स्पर्धा भरवणं हे तिथे कोणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेलं असतं, आणि माणूस बदलला तरी यादी बदलत नाही. रोव्हर्स कप कोणाच्याच यादीत नव्हता, आणि हे दुःख मुंबईच्या फुटबॉलप्रेमींनी उगाच गिळून टाकलं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. प्रत्येक महासंघाची कार्यकारिणी पंधरापेक्षा मोठी नसावी, तिच्यात किमान दोन नामवंत खेळाडू आणि चार महिला असाव्यात, सलग बारा वर्षांहून अधिक काळ एकाच माणसाला पद अडवता येऊ नये, असं त्यात आहे. वाद सोडवायला क्रीडा लवादही आहे. यातलं बरंचसं सरकारी क्रीडा संहितेत आधीपासून होतं, पण संहिता धाब्यावर बसवता येत होती, कायद्यासाठी न्यायालयाचं दार उघडं आहे. पंधरांत दोन खेळाडू ही संख्या मला तोकडी वाटते. शिवाय कायदा बघतो तो राष्ट्रीय महासंघाकडे. जिल्ह्याच्या संघटनेत पोराचं नाव कोण नोंदवतं, निवड चाचणीची तारीख कुठल्या फळ्यावर लागते, पावसाळी लीगच्या प्रवेश फीची पावती मिळते का, हे प्रश्न परळच्या सेंट झेवियर मैदानावर उभ्या असलेल्या पालकांचे आहेत. जिल्हा संघटनेच्या वार्षिक सभेत कोणी हिशेब मागितला आणि तो मिळाला, तर त्यासाठी कोणत्याही हुद्द्याच्या माणसाची वाट पाहावी लागणार नाही. त्या सभेची नोटीस क्लबच्या सेक्रेटरीकडे येते. आपल्या क्लबने ती कधी वाचली होती, हे प्रभादेवी, नायगाव, माहीमच्या खेळाडूंनी एकदा त्यांना विचारावं.